आरनोसाहेबांचा पत्ता

सुनेने परवा नवा थर्मामीटर आणला. त्यात पारा नाही, काच नाही. काखेत धरायचा आणि टुक् वाजला की आकडा वाचायचा. नातवाचा ताप आधी नव्व्याण्णव पॉइंट एक दाखवला आणि दोन मिनिटांनी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. म्हटलं, "अगं, मग खरं काय?" तर म्हणते, "आई, थोडं इकडेतिकडे चालतं हो." चालतं! माझं डोकंच फिरलं. आरनोसाहेबांपुढे कोणी असं बोललं असतं, तर त्यांनी तो थर्मामीटर आणि बोलणारा, दोघांनाही 'खोटा' लिहिलेल्या खोक्यात टाकलं असतं.

ते खोकं माझ्या टेबलाशेजारी असायचं. ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका लहानशा थर्मामीटरच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि आरनोसाहेब तपासणीला. कोमट पाण्याच्या भांड्यात एका वेळी वीस थर्मामीटर बुडवायचे, शेजारी स्वतःचा एक जुना, पक्का थर्मामीटर ठेवायचा आणि भिंगातून एकेकाचा पारा बघायचा. अर्ध्या रेघेने जरी चुकला तरी तो खोटा. मालक कळवळून म्हणायचे, "साहेब, अर्ध्या रेघेने कोण मरतो?" साहेब मान वर न करता म्हणायचे, "मेला की तू विचार त्याला."

मराठी ते कारागिरांकडून शिकलेले, त्यामुळे मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना 'तू'. पाणी सांडलं तरी 'वाट लागली', पगार झाला तरी 'वाट लागली'. उंच, खांद्यात वाकलेले, मान उन्हाने भाजून कायमची लाल झालेली. बारा महिने पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि गळ्याचं बटण लावलेलं. मे महिन्यात भट्टीजवळ आम्ही घामाने निथळत असायचो, पण ते बटण कधी उघडलं नाही. एकदा मी म्हटलं, "साहेब, जीव गुदमरत नाही का हो?" म्हणाले, "आईने लावलं होतं. बंदरावर." मी पुढे विचारलं नाही. तोंडाळ असले तरी कुठे गप्प बसायचं एवढं मला कळतं.

कारखान्यात नवा माणूस आला की हमखास त्यांना 'जर्मनसाहेब' म्हणायचा आणि शिव्या खायचा. साहेब ज्यू. ब्रेसलाऊ नावाच्या गावचे. हिटलरच्या राज्यात एकोणिसाव्या वर्षी बोटीने मुंबईला पळून आले. ते सांगायचे, "जर्मन बोलला, तू जर्मन नाय, जा. मी इथे आलो. मग लढाई झाली. इंग्रज बोलला, तू जर्मन हाय, जेलमध्ये चल. आता तो पॅकिंगचा पोरगा बोलतो जर्मनसाहेब. सगळ्यांना माहिती मी कोण, फक्त मला नाय माहिती." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. लढाईनंतर त्यांचं गावसुद्धा जर्मनीत राहिलं नाही. पोलंडमध्ये गेलं, नावही बदललं. म्हणजे परत जायचं म्हटलं तरी तिकीट कुठलं काढणार?

डब्यात त्यांच्या भाजलेला पाव आणि उकडलेला बटाटा. माझ्या डब्यातल्या सुकटीवर मात्र त्यांचा भारी जीव. चेऊलकरमामांनी एकदा बघितलं आणि केवढा दंगा! "अरे आरनो, कोळंबी चालत नाही रे आपल्याला! हिच्या डब्यात हात घालून धर्म बुडवतोस?" साहेब चिमटीभर आणखी उचलून म्हणाले, "धर्म बुडाला तेव्हा तू कुठे होता? मी बोटीवर होतो."

हे चेऊलकरमामा कारखान्यात फिटर होते. तेही ज्यू, पण आपले कोकणातले. बेने इस्राएल. घरात मराठी, मामींच्या गळ्यात मंगळसूत्र, सणाला नारळ-पोह्यांचा मलिदा. त्यांचे पूर्वज म्हणे हजारो वर्षांपूर्वी अलिबागजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. साहेबांना आधी हे पटेचना. "हे ज्यू? पोहे खातो?" आणि मामा म्हणायचे, "हा ज्यू? आपला देवाचा वार शनिवार, तो कधी तेसुद्धा ह्याला कॅलेंडरात बघावं लागतं!" पण बोटीतून जीव वाचवून आलेल्या दोघांची जोडी जमली ती जमलीच.

साहेबांनी लग्न केलं नाही. राहायचे मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावरच्या एका खोलीत. खाट, पुस्तकं आणि एक पत्र्याची पेटी. त्यांच्यासारखे जे जे बोटीने मुंबईत आले होते त्यांच्या नोंदी त्या पेटीत. व्हिएन्नाचा दातांचा डॉक्टर, प्रागचा फोटोग्राफर, बर्लिनची केक करणारी बाई. कोण कुठल्या इमारतीत राहिलं, कुठे दुकान टाकलं, कोणत्या साली कोणत्या देशाला निघून गेलं, सगळं बारीक अक्षरात. रविवारी ते शहरात जायचे, इमारतींच्या जिन्यात नावांच्या जुन्या पाट्या शोधायचे, कबरस्तानात दगड घासून अक्षरं वाचायचे. एका रविवारी मी सोबत गेले होते. एका दारापुढे उभे राहून म्हणाले, "इथे संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचे. जिन्यात माणसं बसायची." आत टायपिंगचा क्लास चालू होता. साहेबांनी वहीत काहीतरी खोडलं आणि आम्ही खाली आलो. त्या वहीत खोडाखोडच जास्त होती.

पण त्या हिंडण्यातलं एक काम वेगळं होतं. महिन्यातून एकदा ते फोर्टातल्या एका तीन मजली इमारतीत जायचे. बोटीतून उतरल्यावर ते तिथे राहिले होते. दारावरच्या वॉचमनला विचारायचे, माझं कोणी आलं होतं का? काही पत्र? वॉचमन नाही म्हणायचा. मग खिशातून चिठ्ठी काढून त्याला पुन्हा द्यायचे. चिठ्ठीवर नाव आणि मुलुंडचा पत्ता. वॉचमन बदलले, साहेबांची चिठ्ठी बदलली नाही.

कारण आईकडे तोच पत्ता होता. लढाईच्या काळात पंचवीस शब्दांचाच निरोप धाडायला परवानगी होती. आईची शेवटची चिठ्ठी त्या फोर्टच्या पत्त्यावर आली. आम्ही प्रवासाला निघतोय, गरम कपडे घेतलेत, तू तिथेच राहा, अशी. पुढे कळलं की त्या गावच्या ज्यू लोकांना आगगाडीत भरून पूर्वेला नेलं आणि त्या गाडीतलं कोणीही परत आलं नाही. पण कोणीही म्हणजे त्यात आई धरून का, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. आणि कागदावर नाही ते साहेबांच्या लेखी पक्कं नाही. म्हणून सगळे इंग्लंड, अमेरिका, इस्राएलला गेले तरी हे मुंबई सोडून हलले नाहीत. आईने 'तिथेच राहा' म्हटलं होतं.

तरीही दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ते आईचा दिवस करायचे. मेल्याची तारीख माहीत नाही, म्हणून शेवटच्या चिठ्ठीची तारीख धरली आणि चेऊलकरमामांनी त्यांच्या पंचांगातून तिथी काढून दिली. मी एकदा स्पष्टच विचारलं, "साहेब, आई येईल म्हणून पत्ता देता आणि आई गेली म्हणून प्रार्थना करता, हे कसं?" म्हणाले, "दोन्ही करायचं. एक खोटं निघेल."

प्रार्थनेचं नाव कद्दीश. मेलेल्या माणसासाठी म्हणायची, पण तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसतं देवाचं मोठेपण. आणि ती म्हणायची तर दहा ज्यू पुरुष हजर पाहिजेत. नऊ चालत नाहीत. मी म्हटलं, "मी उभी राहते दहावी." "बाई नाय चालत." "मोडा मग तो नियम!" साहेब म्हणाले, "कुंदा, मला देव आहे का माहिती नाय. दहा आहेत का एवढं मला मोजता येतं."

शहरातल्या प्रार्थनामंदिरात गेले असते तर दहा सहज मिळाले असते. मामांनी शंभरदा सांगितलं. साहेब ऐकायचे नाहीत. म्हणायचे, "तिथे लोक देवाकडे येतात. माझ्या आईला घरातून नेलं, तेव्हा कोणी दारात उभा नव्हता. वर्षात एकदा तिच्यासाठी माझ्या घरी माणूस आला पाहिजे." एवढंच हवं होतं त्या माणसाला. वर्षातून एका संध्याकाळी दहा माणसं.

त्या दिवशी साहेब सुकट खायचे नाहीत, काहीच खायचे नाहीत. सोसायटीच्या गणपती मंडळाच्या लोखंडी खुर्च्या आणायचे. दिवेलागणीला आईच्या नावाचा दिवा लावायचे. मी मामींबरोबर मलिदा करायला जायचे. मामा मुलुंड, ठाणे, घाटकोपर पालथं घालून माणसं गोळा करायचे. आणि माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, दृष्ट लागते म्हणे. धर्मग्रंथातलं दहा शब्दांचं एक वाक्य आहे, ते म्हणत एकेका शब्दाला एकेका माणसाकडे बोट. वाक्य पुरं झालं की दहा झाले. शेवटचा शब्द 'कायमचं' अशा अर्थाचा आहे, असं मामांनी मला सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी मी बघितलं तेव्हा चौदा जण होते, वाक्य संपून पुन्हा सुरू झालं. पुढच्या वर्षी बारा. मग अकरा. जो तो इस्राएलला निघालेला. कोणाचा मुलगा आधी गेलेला, कोणाचा जावई. एकदा मोजून दहा आले आणि त्यातला एक खोकत होता, तर साहेब त्याच्यासाठी गरम पाणी घेऊन मागे मागे फिरत होते.

त्याच सुमारास मामांचे थोरले भाऊ गेले. त्यांच्यात आईबाप, भाऊबहीण गेलं की अंगातला शर्ट गळ्याशी फाडायचा आणि सात दिवस जमिनीवर बसायचं. मामा फाटक्या शर्टाने खाली बसले होते. साहेब त्यांच्याकडे बघत कितीतरी वेळ उभे होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी फाडला नाय अजून. कोणी येऊन सांगितलं नाय. कशावर फाडू?"

मग मामांचंच ठरलं. दोन्ही मुलं तिकडे, इथे म्हातारा-म्हातारी करणार काय? जाताना मामी मला धरून रडल्या. मामा म्हणाले, "कुंदे, त्या खुळ्याकडे बघ गं. मी गेलो की नऊ उरतायत." साहेब निरोप द्यायला आलेच नाहीत. कारखान्यात वीस-वीस थर्मामीटर बुडवत बसले आणि त्या दिवशी खोटे निघाले सव्वीस. इतके कधीच निघायचे नाहीत.

तिथी जवळ आली. मामांचा भाचा जोएल घाटकोपरला राहायचा, त्याने खूप धावाधाव केली. नऊच. माझ्याच्याने बघवेना. माझा दादा तेव्हा गिरणीच्या संपात नोकरी गमावून माझ्याकडे येऊन राहिला होता. साहेबांनी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. कोकणी चेहरा, काळासावळा, जोएलच्या शेजारी उभा केला तर सख्खा भाऊ शोभेल. मी जोएलला म्हटलं, "ह्याच्या डोक्यावर टोपी घाल, सांग रेवदंड्याचा आहे, सॅमसन." जोएल घाबरला. "कुंदाताई, पाप लागेल गं." म्हटलं, "लागलं तर मला लागू दे. म्हाताऱ्याचं तोंड बघ आधी."

दादा म्हणाला, "माका काय जमाचा नाय गो."

"आमेन म्हणायचं, एवढंच. जोएल म्हणाला की म्हण."

"तुझ्या सायबाच्या आवशीसाठी ना? मग म्हणतंय."

संध्याकाळी साहेबांचं बोट निघालं. एकेक शब्द, एकेक माणूस. नऊ शब्द झाले. बोट दादापाशी आलं, साहेबांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि शेवटचा शब्द म्हटला. मग त्यांनी कद्दीश म्हटली. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी त्यांच्या लाल मानेवरून घाम आणि डोळ्यांतून पाणी, दोन्ही वाहत होतं. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून मनात म्हटलं, कुंदे, झकास काम केलंस.

मलिदा खाऊन माणसं उठली. दादा दाराकडे निघाला. वाटेत तो दिवा. आता आमच्या घरात लहानपणापासून तिन्हीसांजेला दिवा दिसला की हात आपोआप जोडले जातात, त्याला कोण काय करणार? दादाने चपला पायातून काढल्या, वाकला, दोन्ही हात जोडले, ज्योतीवरून हात फिरवून तोंडावरून घेतला आणि पुटपुटला, "आवशी, सांभाळ गे."

जोएलचा चेहरा पांढरा पडला. साहेब बघत होते. दादाला दारापर्यंत सोडायला गेले, त्याचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. "कुंदा, काल किती होते?"

"दहा, साहेब."

"किती होते?"

मी खोक्याकडे बघत म्हटलं, "नऊ."

"मग काल झालं नाय." मग म्हणाले, "तो माणूस चांगला. माझ्या आईला नमस्कार करायला तो एकटाच वाकला. पण दहा नव्हते." आणि जाऊन पाण्यात थर्मामीटर बुडवायला लागले. मला वाटत होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात. मी संडासात जाऊन रडले. चांगुलपणा करायला गेले आणि ज्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता तिलाच धक्का लावला.

पुढच्या वर्षी सात होते. त्याच्या पुढच्या वर्षी साहेबांनी खुर्च्या आणल्याच नाहीत, नुसता दिवा लावला. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. कारखाना सुटला. मी आणि जोएल आळीपाळीने जायचो. जोएलचेही कागद झाले होते, तो नुसता साहेबांसाठी थांबला होता, असं मला वाटतं. पेटी कोणाला द्यावी म्हणून साहेबांनी तीन-चार ठिकाणी पत्रं लिहवून घेतली. एकाचंही उत्तर आलं नाही. ती अजून माझ्या माळ्यावर आहे. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

एका रविवारी त्यांनी उशीखालून चिठ्ठी काढली. उजव्या हाताने, वेडीवाकडी लिहिलेली. नाव त्यांचं, पत्ता माझा. "फोर्टात जा. वॉचमनला दे. कोणी आलं तर तुझ्याकडे येऊ दे." आई असती तर नव्वदीच्या घरात असती. मी चिठ्ठी घेतली आणि गेले.

इमारत नव्हती. चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले, आत विटांचा ढीग. समोरच्या पानवाल्याला विचारलं, तर म्हणाला, पाडून सहा महिने झाले. वॉचमन कुठे गेला? कोणास ठाऊक. साहेब पडून होते तेव्हाच केव्हातरी ती इमारत पाडली होती.

परत येताना अख्ख्या रस्त्याने मी एकच वाक्य घोकत होते. 'दिली साहेब, त्याने नीट ठेवून घेतली.' काय बिघडणार होतं? पण खोलीत शिरले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. भिंगातून पाऱ्याकडे बघायचे ना, तसंच. 

"इमारत नाही, साहेब. पाडली."

"वॉचमन?"

"कोणीच नाही."

ते छताकडे बघत म्हणाले, "बरोबर." आणि मग, "आता आई गेली."

मला म्हणाले, टेबलावरचं ब्लेड दे. उजव्या हाताने त्यांनी गळ्याच्या बटणाखाली, डाव्या बाजूला, शर्टाला बारीकशी चीर दिली. मला कळलं. फाडायला दोन हात लागतात आणि त्यांचा एकच चालत होता. कापड धरून ओढत राहिले, फाटेना. मग मला म्हणाले, "तू फाड."

"मी चालते का, साहेब? बाईमाणूस, त्यात हिंदू."

"याला दहा लागत नाय," ते म्हणाले. "एक पुरे."

मी फाडला. धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड, टर्रकन छातीपर्यंत गेलं. त्यांना धरून खाली जमिनीवर बसवलं, खाटेला टेकवून. दिवा लावू का विचारलं, तर मानेने नको म्हणाले. पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि निघाले. दारातून वळून बघितलं. साहेब भिंतीकडे बघत बसले होते, शर्ट फाटून लोंबत होता आणि गळ्याचं बटण मात्र लावलेलंच होतं.

सात दिवस बसायचं असतं. चौथ्या दिवशी कारखान्यात जोएलचा फोन आला. मी पोचले तेव्हा त्यांना न्यायला जोएल धरून पाच जण जमले होते. कद्दीश कोणी म्हटली नाही.